गोल डोळ्यांच्या अकरा माश्या

त्या उन्हाळ्यात आमच्या कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहत होतो आणि आमच्याबरोबर चौदा बाटल्या माश्या. घरातल्या माश्या नव्हेत. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या, तिळाएवढ्या, तांबड्या डोळ्यांच्या त्या फळमाश्या. मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेच्या छताची दुरुस्ती निघाली, वसतिगृहही तीन महिने बंद होणार होतं. ज्या बाईंच्या हाताखाली मी काम शिकत होते त्यांनी सरळ सांगितलं की ज्याच्या माश्या त्याने घरी न्याव्यात, नाहीतर त्या मेल्या असं समजावं. मी एक करंड्यासारखी वेताची टोपली विकत घेतली, बाटल्यांच्या मधे वर्तमानपत्र कोंबलं आणि दुपारच्या रिकाम्या गाडीने घरी आले. समोरच्या बाकावरच्या बाईने लोणचं आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

खोटं बोलायची मला सवय नव्हती, पण न सांगायची होती. घाटावरच्या इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढली, तिथे मी घराबद्दल बोलत नसे आणि घरी आले की शाळेबद्दल. पुढे प्रयोगशाळेतही तेच झालं. बाबा बँकर इंजिनावर होते, म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर द्यायला जी जादा इंजिनं कर्जतला लागतात त्यांच्यावर. आई कळंबकडची, शेतकऱ्याची मुलगी. ही माहिती काही लपवण्यासारखी नव्हती. तरी प्रयोगशाळेत ती कोणाला नव्हती.

चौदा बाटल्या ठेवायच्या कुठे, हा पहिला प्रश्न. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली माणूसही नीट राहत नाही, आणि या माश्यांचे नर उकाड्यात वांझ होतात. आईने माठाच्या तिवईखालची जागा दिली. परातीत वाळू, वाळूत बाटल्या, वरून ओलं गोणपाट, आणि माठाचं पाझरेल ते पाणी त्यांच्यावर. बाबांच्या जोडीला काम करणारे काका चहाला आले तेव्हा हे पाहून म्हणाले, "यांना माथेरानला का नाही नेत? सगळे साहेब जातात." आई हसली. पण त्या परातीत हात घातला की खरोखर थंड लागायचं.

माश्यांचं अन्न म्हणजे रवा, गूळ, चायना ग्रास आणि यीस्ट. यीस्ट खोपोलीला शिळफाट्याच्या एका बेकरीतून आणावं लागे. मी पहिल्यांदा ते पातेल्यात घोटायला बसले तेव्हा आईने माझ्या हातातला डाव काढून घेतला. "शिरा तरी नीट कर गं," ती म्हणाली. त्या दिवसापासून माश्यांचा शिरा तिनेच केला. प्रयोगशाळेत होतो त्यापेक्षा तो चांगला व्हायचा. बाटलीच्या कडेपासून सुटत नसे की त्याला पाणी सुटत नसे.

मी काय करते आहे ते बाबांना समजावून सांगायची वेळ दुसऱ्याच संध्याकाळी आली. इंग्रजीत मला ते चांगलं सांगता यायचं. मराठीत शब्द सापडेनात. शेवटी मी त्यांच्याच कामातून सांगायचं ठरवलं.

साध्या फळमाशीचा डोळा गोल असतो. माझ्या माश्यांचा डोळा उभ्या फटीसारखा अरुंद होता. त्याचं कारण इतकंच, की त्यांच्या गुणसूत्रातला एक तुकडा एकापुढे एक असा दोनदा आला होता. मी बाबांना म्हटलं, समजा एका गाडीला एकासारखे एक दोन डबे लागोपाठ जोडलेत. शेजारच्या रुळावर तशीच दुसरी गाडी. मादीच्या पोटात अंडं तयार होताना या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि एका जागी तुटून एकमेकींची शेपटं बदलून घेतात. डब्यासमोर डबा नीट उभा असेल तर काही बिघडत नाही. पण दोन्ही डबे सारखेच असल्यामुळे कधी एका गाडीचा पहिला डबा दुसरीच्या दुसऱ्या डब्यासमोर येतो. तिथे अदलाबदल झाली की एका गाडीत तीन डबे जातात, एकीत एकच राहतो. एक राहिला की पोराचा डोळा पुन्हा गोल.

"शंटिंगची चूक," बाबा म्हणाले.

"हो. ती कितीदा होते ते मला मोजायचंय."

"कितीदा होते?"

"हजारात एखादी. कधी दीड-दोन हजारांत."

बाबांनी मान हलवली. एवढ्या गाड्यांत एखादी म्हणजे त्यांच्या हिशेबाने काम चोख चाललं होतं. पण मला काळजी होती ती वेगळी. बाईंनी सांगून ठेवलं होतं की जूनमध्ये सगळ्यांसमोर मी माझी मोजणी वाचायची आणि त्यावर मला पुढच्या मोठ्या कामाला ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार. मला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटायची, पण ते काम सुटेल याची त्याहून जास्त.

मोजणी दुपारी व्हायची. बाटली उलटी करून माश्या ईथरच्या डबीत घ्यायच्या, त्या गुंगल्या की पांढऱ्या कागदावर ओतायच्या आणि कोंबडीच्या पिसाने नर एकीकडे, माद्या एकीकडे करायच्या. फक्त नर मोजायचे, कारण नराकडे ते गुणसूत्र एकच असतं, त्याच्यात जे असेल ते झाकलं जात नाही. चूल त्या वेळी बंद. आई समोर येऊन बसली ती पहिल्याच दिवशी. मी भिंग लावून पाहत होते. तिला भिंग लागत नसे. ती विशीने मोजायची, वीस झाले की एक चिंचोका बाजूला. संध्याकाळी चिंचोके मोजले की माझ्या वहीतला आकडा आणि तिचा आकडा जुळलेला असायचा. एकदा नाही जुळला, तेव्हा चूक माझी निघाली.

मोजून झालेल्या माश्या घासलेटाच्या बाटलीत टाकायच्या असतात. प्रयोगशाळेत सगळे तसंच करतात, मीही विचार न करता करत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा ड्युटीवरून आले आणि ती बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहत राहिले. आमच्या घरी रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे वंदना होते, पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं पहिलं शील जीव न घेण्याचं आहे. बाबा ते मोठ्या आवाजात म्हणत नसत, पण चुकवतही नसत. ते सगळीकडे तितकंच पाळलं जात होतं असं नाही. सुकी मासळी घरात येत असे. त्यांनी विचारलं, "मोजल्यावर यांचा काही उपयोग नाही?"

"नाही."

"हं," म्हणाले आणि बाटली होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले की त्या घासलेटाचा घरात वास सुटतो, तुझं मोजून झालं की कागद माझ्याकडे देत जा, मी बाहेर टाकून येतो. मला बरंच वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात पहिला गोल डोळा सापडला. आईलाच तो आधी दिसला. पिसाने वेगळा करून ती म्हणाली, "ह्यो बघ, ह्यो डोळं वटारून बघतोय." मी भिंगाखाली घेतला. दोन्ही बाजूंना भरलेला, तांबडा, वाटोळा डोळा. मी आयुष्यात काही शोधलं नव्हतं, आणि हेही दुसऱ्यांनी फार आधी शोधलेलं होतं. तरी त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. ती माशी स्पिरिटच्या छोट्या कुपीत घातली, चिठ्ठी लावली. आणखी दोन आठवड्यांत तीन मिळाल्या. मग एकाच आठवड्यात, एकट्या नऊ नंबरच्या बाटलीतून, सात.

सात आणि चार अकरा. इतक्या मोजणीत मला चार-पाचांची आशा होती. मी बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं आणि अकराचा आकडा अधोरेखित केला. असं मी सहसा करत नाही. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, दोनच ओळींचं. हा दर नेहमीपेक्षा बराच जास्त आहे, जूनमध्ये तू पहिली बोल, बाहेरचेही दोघंतिघं ऐकायला येतील. ते पत्र मी उशाखाली ठेवत होते हे आईला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात, मोजताना, ती अगदी सहज बोलली. बाबा शेजारी भिंतीला टेकून पेपर वाचत होते.

"त्या नऊ नंबरच्या सात आपल्यातल्या नाय वाटत," ती म्हणाली.

मी विचारलं, का.

"त्या दिवशी त्या आधी उठल्या. बाकीच्या निजून ऱ्हायल्या, ह्या गोल डोळ्याच्या पाय झाडाय लागल्या. रंगानं पन काळपट हायत."

मी म्हटलं की डोळा बदलला म्हणजे त्या वेगळ्या दिसणारच. माझ्या आवाजात थोडी शाळा होती. आईने पीस खाली ठेवलं. कळंबला कापणीच्या आधी बियाण्याच्या वाफ्यात शिरून भेसळ उपटायचं काम लहानपणी तिच्याकडे असे, हे मला माहीत होतं. तिचा भाऊ अजूनही त्या वेळी तिला बोलावून घेतो.

"बाय, दुसरं भात आलं असलं ना वाफ्यात, तर ते उंचीला येगळं, पानाला येगळं, दान्याला कुसळ, सगळंच येगळं असतंय. आनि आपल्याच रोपात कायतरी फिरलं तर तेवढंच फिरतंय, बाकी समदं आपलंच असतं. आमी तसंच वळखायचो."

मी हातातली वही मिटली.

कारण मला एक गोष्ट आठवली, जी मला विसरायला नको होती. बाईंनी माश्यांची जोडणी करताना नेमकी यासाठीच सोय ठेवली होती. माझ्या मादीच्या दोन गाड्यांपैकी एकीला त्या जुळ्या डब्यांच्या पुढे आणि मागे एकेक रंगवलेला डबा होता, दुसरीला एकही नाही. पुढचा रंगवलेला डबा म्हणजे पाठीवरचे राठ केस वाकडे. मागचा म्हणजे पंखातल्या दोन शिरा एकमेकींना चिकटलेल्या. अदलाबदल बरोबर त्या जुळ्या डब्यांपाशी झाली असेल, तर गोल डोळ्याच्या पोराकडे दोन्हींपैकी एकच खूण येणार. केस तरी वाकडे, नाहीतर शिरा तरी चिकटलेल्या. ज्या गोल डोळ्याच्या नराकडे एकही खूण नाही तो त्या मादीचा नव्हेच. माझ्या साध्या भिंगातून डोळा दिसत होता, केस दिसत नव्हते. म्हणून तपासणी जूनमध्ये प्रयोगशाळेत करायची असं मी ठरवलं होतं, आणि अकरा मात्र आधीच लिहून मोकळी झाले होते.

बाजारात स्टेशनजवळ एक घड्याळजी बसायचे. त्यांच्याकडे डोळ्यात धरायचं भिंग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुप्या पर्समध्ये घालून मी गेले आणि काय सांगावं ते न कळून, थोडा वेळ भिंग हवंय एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "इथंच बसून बघ बेटा, भिंग घरी जायचं नाही." मग त्यांच्या फळीवर, उघड्या घड्याळांच्या शेजारी, मी एकेक माशी बशीत काढली. आधीच्या चारांपैकी दोघांचे केस वाकडे होते, गाठ मारल्यासारखे. दोघांच्या पंखांत शिरा चिकटलेल्या. मग नऊ नंबरच्या सात. केस सरळ, शिरा मोकळ्या. पुन्हा पाहिल्या. सातही तशाच.

घड्याळजींनी विचारलं, बंद पडलं का. मी म्हटलं, सात बंद पडली. ते हसले, कारण त्यांना वाटलं मी घड्याळांबद्दल बोलते आहे.

सात बाहेरच्या होत्या, हे कळलं. त्या आत आल्या कुठून, ते कळत नव्हतं. बाटल्यांना कापसाचे घट्ट बोळे होते. अन्न बदलताना बाटली क्षणभर उघडी राहते, पण आमच्या स्वयंपाकघरात मी फळ ठेवूच देत नव्हते. आंबेसुद्धा बाहेरच्या खोलीत, झाकून. घरी आल्यावर मी मोरीच्या खिडकीकडे गेले आणि तिथे वास आला. खिडकीबाहेर, कट्ट्यावर, केळीच्या पानावर फणसाचे चार गरे, आंब्याच्या दोन कोयी आणि एक काळं पडलेलं केळं मांडून ठेवलेलं होतं. वर माश्यांचा ढग. काही अरुंद डोळ्यांच्या असणार, बऱ्याचशा नव्हत्या. खिडकीपासून माझी परात चार हातांवर होती.

बाबा जेवत होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"गुंगीतून उठल्यावर त्यांना खायला काहीतरी लागेल," ते म्हणाले. "म्हणून ठेवलं."

घासलेटाच्या वासाची गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. ते रोज तो कागद त्या कट्ट्यावर उलगडून ठेवत होते आणि माश्या उठून जाईपर्यंत थांबत होते. आईला माहीत होतं. तिने केळीचं पान दिलं होतं.

मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. पण मला रागाने बोलता येत नाही. मी समोर बसले, रंगवलेल्या डब्यांची खूण समजावली आणि हळू आवाजात सांगितलं की फणसावर गावातल्या माश्या आल्या, त्यांतली एक मादी नऊ नंबरात शिरली आणि ते सात तिचे. बाबांनी घास खाली ठेवला. विचारलं, "म्हणजे त्या सातांना रंगवलेला डबा एकही नव्हता?"

"नव्हता."

"आणि बाकीच्या चारांना?"

"एकेक आहे."

"मग चार खरे."

"चार खरे. पण मी अकरा कळवलेत."

"मग आता चार कळव," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं असं लिही."

हे दुसरं वाक्य सर्वांत अवघड होतं. चार लिहिणं मला जमलं असतं. बाहेरच्या माश्या मिसळल्या एवढंही इंग्रजीत छान लिहिता आलं असतं, त्यात कोणी दिसलं नसतं. मी तसं पत्र लिहिलंही. त्यात मोरीची खिडकी नव्हती, फणस नव्हता, सकाळची वंदना नव्हती. वाचून पाहिलं तर ते पत्र कुठल्याही मुलीचं असू शकलं असतं. मग बाई विचारणार, कशा मिसळल्या, बाकीच्या बाटल्यांचं काय, आणि मला पुन्हा काहीतरी गोल गोल लिहावं लागणार. मी ते फाडलं आणि मराठीत लिहिलं. नऊ नंबरची बाटली पूर्ण मोजणीतून काढली आहे, तिच्यातले अरुंद डोळ्यांचे नरही. बाकीच्या तेरा बाटल्यांत चार गोल डोळे मिळाले, चारांनाही एकेक खूण आहे. माझे वडील जीव मारत नाहीत, ते मोजलेल्या माश्या खिडकीबाहेर सोडून त्यांना फणस घालत होते, त्यावर बाहेरच्या माश्या आल्या. ते वाक्य लिहून झाल्यावर मी पत्र लगेच पेटीत टाकून आले, कारण घरी ठेवलं असतं तर पुन्हा फाडलं असतं.

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मोजणी चालूच होती, पण आई चिंचोके टाकताना माझ्याकडे पाहत असे. बाबांनी केळीचं पान उचललं होतं आणि ते कागदाला हात लावत नव्हते. घासलेटाची बाटली पुन्हा कागदाशेजारी येऊन बसली होती. बाबा तिच्याकडे पाहत नसत, पेपर उंच धरत.

बाईंनीही मराठीत लिहिलं होतं. अक्षर मोठं, तिरकं. चार खरे आहेत ना, मग चार. अकरावर मलाही शंका आली होती, पण तुझी चूक तूच धरशील का ते पाहायचं होतं. जूनमध्ये पहिली तूच बोल आणि सातांची गोष्टही सांग, ती चारांपेक्षा उपयोगाची आहे. जुलैपासूनच्या कामाला मी तुला धरलं आहे. आणि खाली, सहीच्या नंतर, वडिलांना सांग की मोजलेल्या माश्या माराव्यात असा नियम कुठे लिहिलेला नाही, त्या बाटल्यांच्या जवळ सोडू नयेत एवढंच.

मी ते शेवटचं वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, चष्मा लावून. मग पलंगाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला, त्याच्या झाकणाला खिळ्याने बारीक भोकं पाडली आणि मोजणीच्या कागदाशेजारी आणून ठेवला. घासलेटाची बाटली आईने दिवाबत्तीला नेली.

राहिलेले तीन आठवडे रोज संध्याकाळी बाबा तो डबा घेऊन दहिवलीच्या रस्त्याला जात. रुळांपासून आणि घरांपासून लांब एक जांभळाचं झाड आहे, खाली जांभळं पडून कुजलेली असतात. तिथे झाकण उघडून ते थांबत. एकदा मी बरोबर गेले. माश्या एकदम उडत नाहीत. काठावर येतात, पंख पुसतात, मग एकेक जाते. जोडीचे काका सायकलवरून जाताना थांबले आणि डब्यात काय म्हणून विचारू लागले.

मी लोणचं म्हटलं नाही. "मुलीच्या माश्या आहेत," असं बाबाच म्हणाले, "मोजून झाल्या." काका डब्यात डोकावले आणि पुढे गेले.

परत येताना बाबांनी विचारलं, "आज गोल कोणी?"

"आज नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि रिकामा डबा दुसऱ्या हातात घेतला.